वेचणीची टोळी आणि भरिताची पंगत

कापूस फुटला की मजुरांची ओढाताण सुरू होते. पहिल्या वेचणीला बायका येतात. पुढे बोंडे विरळ झाली की किलोवरची मजुरी त्यांना परवडत नाही, टोळी दुसऱ्याच्या शेतात जाते आणि फुटलेला कापूस झाडावर लोंबत राहतो. अशा वेळी दर वाढवावाच लागतो, परंतु टोळी टिकते ती आपुलकीनेही.

त्यासाठी खानदेशात जुनी सोय आहे. थंडीत शेतावर कपाशीच्या वाळल्या काड्यांवर हिरवी वांगी भाजून भरीत करतात, सोबत कळण्याची भाकरी. हा बेत वेचणीच्या मध्यावर ठेवावा, हंगाम संपल्यावर नव्हे. मालक, सालदार व वेचणाऱ्या बायका एकाच पंगतीत बसाव्यात. भाकरी भाजण्याचे काम त्या बायकांवरच टाकले, तर ती वेठच झाली! किलोवर वेचणाऱ्या बाईचा बसलेला वेळ बुडतो, म्हणून त्या दिवशी अर्धा रोज वेगळा द्यावा.

चुरसही उपयोगी पडते. साक्री तालुक्यातील बारीपाड्यात रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा होते, तीत आसपासच्या गावांच्या बायका हौसेने येतात. वेचणीत मात्र वजनावर चुरस लावू नये; पाला व कवडी कापसात येते. जुन्या-नव्या मजुरांचे दोन गट करावेत, स्वच्छ कापसावर निकाल द्यावा व बक्षीस पूर्ण गटाला द्यावे. तोलाई सर्वांसमोर करावी. मागील मजुरी थकली असल्यास पंगतीआधी ती चुकती करावी, शक्यतो आठवडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी.