कुंपणच शेत खाते तेव्हा

संध्याकाळची वेळ. दवाखान्यात सर्दी-तापाच्या पेशंटांची गर्दी. एकोणीस वर्षांचा एक मुलगा घसा दाखवून, औषध घेऊन उठला. दारापर्यंत गेल्यावर त्याची आई माघारी आली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टर, कालपासून याला लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. उष्णता असेल म्हणून सब्जा दिलाय. मागे नव्हती का झाली, तशीच."

मागे? मी जुने कार्ड काढले. दोन वर्षांपूर्वी अशाच घसादुखीत हीच तक्रार होती आणि पुढे माझ्याच अक्षरात लिहिले होते, 'भरपूर पाणी पिणे.' तेव्हा लघवी दोन दिवसांत स्वच्छ झाली, मुलगा परत आला नाही आणि मीही विषय सोडून दिला. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमधली ही चूक मला आजही टोचते.

या वेळी लघवी तपासली. तीत रक्तपेशी आणि प्रथिने निघाली. रक्तदाब १५०/१००. पुण्याच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी सुईने मूत्रपिंडाचा कणभर तुकडा काढून तपासला आणि निदान झाले, 'आयजीए नेफ्रोपथी.' पॅरिसचे ज्याँ बेर्जे आणि त्यांच्या सहकारी यांनी १९६८ साली या आजाराचे वर्णन केले. चमकणारा रंग लावून मूत्रपिंडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात साचलेली प्रतिपिंडे उजळून दिसली.

प्रतिपिंडे म्हणजे शरीराचे पहारेकरी. आयजीए हे त्यांतले नाक, घसा, आतडे यांच्या ओल्या अस्तरावर पहारा देणारे. काही जणांच्या आयजीएच्या घडणीत गॅलॅक्टोज नावाची साखर कमी पडते. शरीर त्यालाच परका समजते आणि त्याच्याविरुद्ध दुसरी प्रतिपिंडे तयार करते. दोघांच्या गुठळ्या रक्तातून वाहत मूत्रपिंडात येऊन अडकतात.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. गाळणी म्हणजे बारीक केशवाहिन्यांचा गुंडा. दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो. बहुतेक सारा पुन्हा रक्तात घेतला जातो आणि दीडेक लिटर लघवी उरते. त्या केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या भागात प्रतिपिंडे साचली, की तिथल्या पेशी वाढतात, दाह होतो, जाळी फाटते. मग रक्तपेशी आणि प्रथिने लघवीत उतरतात. दाह चालूच राहिला तर गाळणीच्या जागी व्रण उरतो. ती गाळणी कायमची गेली. तिचे काम उरलेल्यांवर पडते आणि त्याही दमतात.

आणि हे सारे बहुधा न दुखता! घसा बिघडला की एक-दोन दिवसांत लघवी लाल-तपकिरी होते आणि आपोआप निवळते. रंग गेला म्हणजे रोग गेला, असे वाटते. आम्ही दोघेही, ती आई आणि मी, इथेच फसलो.

"माझ्या हातून काही चुकलं का हो?" तिने विचारले.

"नाही वहिनी, चुकलं ते माझं," मी म्हणालो.

सुदैवाने फार उशीर झाला नव्हता. रक्तदाब आटोक्यात ठेवणाऱ्या आणि प्रथिनांची गळती कमी करणाऱ्या गोळ्या त्याला सुरू झाल्या. पापड-लोणचे बंद झाले. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, अशी ताकीद मिळाली. काहींना स्टिरॉइड द्यावी लागतात. अलीकडे नवी औषधेही आली आहेत. हा आजार झालेले पुष्कळ लोक आयुष्यभर बरे राहतात. पण काहींवर काही वर्षांनी डायालिसिसची वेळ येते. व्रण झालेली गाळणी कोणतेच औषध परत देत नाही; म्हणून वेळेला महत्त्व.

वाचकहो, बीट खाल्ल्यावर लघवी लाल दिसली तर घाबरू नका. पण तसे काही कारण नसताना रंग बदलला, फेस राहू लागला किंवा पायांवर सूज आली, तर लघवीची साधी तपासणी आणि रक्तदाब, एवढे तरी करून घ्याच. संकोच नको. आणि डॉक्टरांनी नुसतेच 'पाणी पी' म्हटले, तर तपासणीचा आग्रह तुम्ही धरा.

तो मुलगा आता दर तीन महिन्यांनी येतो. त्याचे जुने कार्ड मी फाडलेले नाही. टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे.