टोकियो व्हाया टोकावडे

शनिवारी पहाटे कल्याणहून माळशेजकडे निघालेल्या एसटीतली अर्धी पब्लिक तुमच्या-आमच्यासारखीच असते. पाठीवर सॅक, कानात हेडफोन, डोक्यात सोमवारचं प्रेझेंटेशन. मुरबाड जातं, सरळगाव जातं, टोकावडे मागे पडतं आणि मग सह्याद्रीची भिंत अशी काही अंगावर येते की गाणं आपोआप बंद होतं. त्या भिंतीतून एक दगडी अंगठा वर आलेला असतो. तो नानाचा अंगठा, आणि त्याच्या कुशीत नाणेघाट.

नाना कोण, असं विचारलंत तर एक दंतकथा ऐकायला मिळते. नाना आणि गुणा या दोघा भावांनी घाट खोदायची पैज लावली, नानाचा घाट आधी पुरा झाला. बस्स. ट्रेक लीडर हे दोन मिनिटांत आटोपतो आणि सगळे फोटोला उभे राहतात. हरलेल्या गुणाचं पुढे काय झालं, हे कुणीच विचारत नाही.

असला प्रश्न विचारण्यावरच एका जपानी बाईंनी आपलं लिखाण उभं केलंय. नोरिको ओगिवारा, जन्म १९५९, गाव टोकियो. १९८८ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली. इंग्रजीत ती कॅथी हिरानो यांनी नेली आणि १९९३ मध्ये 'ड्रॅगन स्वोर्ड अँड विंड चाइल्ड' या नावानं ती अमेरिकेत निघाली. लिहिली टीनएजर्ससाठी, पण ऑफिसच्या बसमध्ये वाचायला अजिबात लाजू नका.

या कादंबरीचा कच्चा माल म्हणजे 'कोजिकी', इसवी सन ७१२ मध्ये सम्राज्ञीच्या हुकमानं लिहून काढलेला जपानचा पुराणग्रंथ. हिएदा नो आरे यांना पाठ असलेल्या कथा ओ नो यासुमारो या दरबाऱ्यानं कागदावर उतरवल्या. त्यात इझानागी हा आदिदेव पाताळातून परत येऊन स्वतःला धुतो. डाव्या डोळ्यातून सूर्यदेवी जन्मते, उजव्यातून चंद्रदेव आणि नाकातून सुसानो नावाचा तिसरा, वादळी डोक्याचा. सम्राटांचं घराणं सूर्यदेवीचं. थोडक्यात, राज्य कुणाचं आणि का, हे ठरवून देणारा ग्रंथ.

ओगिवाराबाईंनी हे सगळं घेतलं आणि कॅमेरा दुसऱ्या बाजूला लावला. त्यांची नायिका साया, पंधरा वर्षांची. अनाथ, एका म्हाताऱ्या जोडप्यानं वाढवलेली, प्रकाशाच्या देवाची मनापासून भक्त. गावच्या उत्सवाच्या रात्री फिरते वादक येतात आणि तिला सांगतात, तू आमची, अंधाराच्या लोकांची राजकन्या आहेस. ज्यांचा तिरस्कार करायला शिकवलं गेलं, तीच तिची माणसं! आणि त्याच रात्री प्रकाशाचा देखणा राजपुत्र तिला राजवाड्यात यायचं आमंत्रण देतो. पंधराव्या वर्षी तुम्ही काय केलं असतं? साया राजवाड्यात जाते. तिथं कोंडून ठेवलेला तिसरा भाऊ तिला भेटतो आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

इथं प्रकाश म्हणजे चांगलं आणि अंधार म्हणजे वाईट, असा हिशेब नाही. प्रकाशाचे देव अमर आहेत, म्हणून थोडे थंडगार. अंधाराची माणसं मरतात आणि पुन्हा जन्म घेतात. आपल्याला ही कल्पना नवी नाही, पण ती हरलेल्या बाजूची ताकद म्हणून वापरलेली बघताना मजा येते.

आता परत नाणेघाटात या. तिथल्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, राणी नागनिकेचा मानला जाणारा सातवाहनांचा शिलालेख आहे. कुठले यज्ञ केले, किती गाई, घोडे आणि नाणी दक्षिणा दिली, याची यादी. आपलं छोटेखानी 'कोजिकी'च म्हणा ना! दरबारानं दगडावर लिहून ठेवलेलं. पण हा घाट चढून ओझी नेणाऱ्या माणसांची गोष्ट उरलेल्या मजकुरात नाही. नाना आणि गुणा भिंतीवर नाहीत, ते फक्त लोकांच्या तोंडी आहेत.

हरलेल्याच्या बाजूनं लिहिणं मराठीला अवघड नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'नं १९६७ मध्येच कर्णाला स्वतःच्या तोंडानं बोलायला लावलं, आणि कितीतरी जणांनी ते शाळेत असतानाच, मे महिन्याच्या सुट्टीत पालथं पडून वाचलंय. २०१० मध्ये अमीशच्या 'मेलुहा'नं इंग्रजीत शिवाला नायक केलं. पण कर्ण काय, शिव काय, दोघेही मोठे, महाकाय. ज्या पोरीला अजून स्वतःचं काही ठरवताच आलेलं नाही, ती आपल्या पुराणात कुठून शिरणार?

ओगिवाराबाईंनी पुढे तेही करून दाखवलं. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'रेड डेटा गर्ल' मालिकेतली इझुमिको आजच्या काळातली आहे. कुमानोच्या डोंगरातल्या देवळात वाढलेली, लाजाळू, हात लावला की कॉम्प्युटर बंद पडावा अशी. तिच्या अंगात देवी येते. हो, शब्दशः अंगात येते! मराठी वाचकाला तळटीप लागणार नाही. नावातला 'रेड डेटा' म्हणजे नष्ट होऊ घातलेल्या जीवांची नोंद. २०१३ मध्ये त्यावर ॲनिमे मालिकाही आली.

ही इझुमिको टोकावड्याच्या आसपास सहज खपून गेली असती. इथं ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत, त्यांचे डोंगरातले देव आहेत. दिवाळी झाली की कातकऱ्यांची कितीतरी घरं कुलूप लावून वीटभट्ट्यांवर जातात, पोरंही सोबत. शाळा सुटते तशी आजीची गोष्टही सुटते. त्यातली एखादी पंधरा वर्षांची पोरगी भट्टीवर निघण्याच्या आदल्या रात्री नानाच्या अंगठ्याखाली उभी आहे आणि गुणाचे लोक तिला न्यायला आलेत... कादंबरीचं पहिलं प्रकरण तयार! फक्त ते मुंबईहून ट्रेकला आलेल्यानं लिहिण्याऐवजी वाडीतल्याच कुणी लिहिलं, तर जास्त खरं उतरेल.

तोवर सायापासून सुरुवात करा. सुरुवातीची पन्नासेक पानं नावांचा गोंधळ उडेल, तेवढं सोसा. आणि पुढच्या वेळी नाणेघाटात गेलात, तर लेण्यातून बाहेर यायची घाई करू नका. भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांची नावं कोरलेली आहेत, त्यांच्या मूर्ती मात्र पार झिजून गेल्यात.