माळ्यावरची ठासणीची बंदूक : 'जुनी आहे' एवढं म्हणून भागत नाही

शिरवळ : खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून पूजेला मांडायची आपल्याकडची रीत जुनी आहे. कोयता, विळा, कुऱ्हाड, कुठं एखादी तलवार. काही घरांत त्या ओळीत आजोबा-पणजोबांच्या वेळची बंदूकही येते. मग पोरं तिच्यासोबत फोटो काढतात, स्टेटसला टाकतात, आणि तिथून डोकेदुखी सुरू होऊ शकते.

हा भाग तसा हत्यारांचाच. शिरवळात नीरेकाठी सुभानमंगळ हा भुईकोट होता, १६४८ साली फत्तेखानाच्या स्वारीत तिथं लढाई झाली. पुढं इंग्रजी फौजेतही सातारा जिल्ह्यातली माणसं मोठ्या संख्येनं गेली. अपशिंगे मिलिटरी या गावाचं नावच त्यावरून पडलं. अशा मुलखात जुन्या बंदुकीचं आकर्षण असणारच. काही जण हौसेनं गोळाही करतात.

बंदूक कोणत्या काळातली हे चापाकडं बघून बरंचसं कळतं. पेटता दोरा अडकवायला चिमटा असेल तर ती तोड्याची. गारगोटी धरायचा जबडा असेल तर चकमकीची. बारीक नळीवर तांब्याची टोपी बसवून वरून हातोडी पडत असेल तर टोपीची. ती इंग्रजी फौजेत १८४० नंतर रुळली. या तिन्ही ठासणीच्या, म्हणजे दारू आणि गोळी तोंडाकडून गजानं ठासायची. चापाच्या पट्टीवर मुकुट, 'टॉवर' अशी इंग्रजी अक्षरं किंवा कंपनी सरकारचा सिंह असेल तर ती विलायती. म्हणून पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करू नका. खुणा गेल्या की बंदुकीची ओळखच गेली.

आता कायद्याचं. "शंभर वर्षांवरची असली की परवाना लागत नाही," असं पारावर हमखास ऐकायला मिळतं. यात अर्धं खरं आहे आणि घोटाळा त्या अर्ध्यातच आहे.

शंभर वर्षांची अट १९७२ च्या पुरावशेष कायद्यातली. तो कायदा जुनी वस्तू परदेशी जाऊ नये वगैरे बघतो. बंदुकीचा कायदा वेगळा, १९५९ चा शस्त्र अधिनियम. त्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण जुन्या धाटणीच्या किंवा मोडक्या अशा हत्याराला, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही. 'दुरुस्त करूनही' हे शब्द महत्त्वाचे. नळी शाबूत आहे, नुसती कमान तुटलीय, ती लोहार बसवून देईल, अशी बंदूक या सुटीत बसत नाही. आणि ठासणीची म्हणजे खेळणं असंही कुणी समजू नये. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीला परवाना देण्याची तरतूद याच कायद्यात आहे, म्हणजे कायदा तिला खरी बंदूकच मानतो.

दुसरी सूट २०२० ची. केंद्रीय गृह मंत्रालयानं नियम बदलून 'क्युरिओ', म्हणजे संग्रहातली पुराणवस्तू ठरणारी बंदूक विकत घ्यायला आणि घरी ठेवायला भारतीय नागरिकाला परवान्याची गरज ठेवली नाही. संग्रह करणाऱ्यांना हा मोठा दिलासा. पण ती वापरायला, बाळगून फिरायला आणि एका जागेवरून दुसरीकडं न्यायला परवाना लागतोच. मोटरसायकलवर पोत्यात गुंडाळून पुण्याच्या व्यापाऱ्याला दाखवायला नेली, तर घरात चालणारी वस्तू कात्रजचा घाट चढायच्या आधीच गुन्हा होऊ शकते. शिवाय आपली बंदूक क्युरिओ आहे हे आपणच ठरवून भागत नाही, कागद लागतो.

कागद नसला तर? विनापरवाना बंदुकीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे, वर दंड. वरातीत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर त्याचे दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जिवंत काडतुसालाही परवाना लागतोच, ते कितीही जुनं असो. थ्री नॉट थ्री रायफल तर फौजेच्या काडतुसाची, तिचं प्रकरण जिल्ह्याच्या परवान्यात मिटत नाही.

आजोबांच्या नावावर परवाना होता, आता ते नाहीत, असं असेल तर तो परवाना आपोआप नातवाकडं येत नाही. वारसानं जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती तयार ठेवायची. तोवर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करून पावती घ्यायची. आजोबा हयात असतील आणि सत्तरी ओलांडली असेल, तर ते स्वतःच वारसाचं नाव सुचवू शकतात. हे काम आत्ताच केलेलं बरं, नंतर भावाभावांत सह्या मिळता मिळत नाहीत. एका माणसाच्या परवान्यावर दोनच बंदुका राहतात, वारसानं आलेली धरून.

परवान्याचा पत्ताच नसेल तर आधी जुनी ट्रंक, देवघराचा फडताळ, सातबाऱ्याची पिशवी धुंडाळा. मोडीतला असो नाहीतर इंग्रजीतला, कागद फेकू नका. मग बंदूक जागेवरच ठेवून, नुसता फोटो आणि लेखी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात जा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. भीतीपोटी विहिरीत टाकणं किंवा भंगारवाल्याला किलोवर देणं, दोन्ही वाईट. घरच्या चार पिढ्यांची वस्तू जाते आणि उद्या ती कुणाच्या हाती सापडली तर चौकशी आपल्याच दारात येते.

आणखी एक. ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो, दारू कोरडी असली तर वर्षानुवर्षांनीही पेटते. नळीत डोकावू नका, चाप ओढून बघू नका, वेल्डिंगवाल्याकडं तर नेऊच नका.

ज्यांना अशा बंदुका नुसत्या डोळे भरून बघायच्या आहेत त्यांनी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा कोल्हापूरचा नवा राजवाडा गाठावा. शिरवळहून दोन्हीकडं जायला हायवेला एसटी मिळते.