घरातल्या तारा – लेखांक ९ : रिमोट भिंतीपलीकडे

हॉलमध्ये नवा मोठा टीव्ही आला, की जुना बेडरूममध्ये जातो आणि पाठोपाठ केबलवाल्याला फोन जातो : "दादा, त्याच बॉक्सवरून आत एक वायर ओढून द्या ना." दादा ओढून देतातही. आत चित्र दिसतं, आवाज येतो, सगळे खूश. मग रात्री अंथरुणात पडल्यावर कुणाला तरी चॅनल बदलायचं असतं, आणि रिमोट घेऊन हॉलपर्यंत चालत जावं लागतं. गेल्या लेखांकात टीव्हीच्या मागची सॉकेटं ओळखून घेतली होती. आज त्यातली तार दुसऱ्या खोलीत नेऊ. पण खरं काम आहे ते रिमोटचं.

चित्र नेणं फार अवघड नाही. जुन्या बॉक्सला पिवळी-लाल-पांढरी पिन असते. तिची तार आत ओढली की काम होतं, चित्र मात्र पुसट येतं. नव्या बॉक्सला एचडीएमआय असते. तिथे एक आत, दोन बाहेर असा स्प्लिटर लागतो. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरपर्यंत साथ देते. त्यापुढे चित्र लुकलुकायला लागतं. मग इंटरनेटच्या कॅट-सिक्स केबलवरून चित्र नेणारा एक्स्टेंडर घ्यावा. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. बरेच स्प्लिटर दोन्ही टीव्हींना जमेल तेवढंच चित्र बॉक्सकडून मागवतात. म्हणजे आतला टीव्ही जुना असेल, तर बाहेरच्या फोर-के टीव्हीलाही त्याच्याच पातळीवर उतरावं लागतं.

आता रिमोट. त्याच्या टोकाला जो छोटा दिवा असतो, तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. बटण दाबून तो मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा. बहुतेक फोनवर जांभळट लुकलुक दिसेल. (मागचा कॅमेरा अनेकदा हा प्रकाश गाळून टाकतो, म्हणून पुढचा.) रिमोट बिघडलाय की सेल संपलेत, या वादात पडण्याआधी ही पहिली चाचणी. बहुतेक रिमोट हा प्रकाश सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा चालू-बंद करतात आणि त्या लयीतच हुकमाचे आकडे गुंफतात. बॉक्समधला डोळा फक्त तेवढी लय ओळखतो. त्यामुळे खोलीतल्या ट्यूबलाइटच्या किंवा उन्हाच्या प्रकाशातूनही तो आपला हुकूम बहुधा वेगळा काढू शकतो.

पण प्रकाश तो प्रकाशच. विटांची भिंत त्याला पार करता येत नाही. एका अर्थी हे बरंच आहे : शेजारच्या घरातल्या रिमोटने आपला टीव्ही बंद पडत नाही. आधीच्या रिमोटांच्या तऱ्हा और होत्या. 1955 साली अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने प्रकाशाच्या झोतावर चालणारा बिनतारी रिमोट काढला, तेव्हा खिडकीतून आलेल्या उन्हानेही टीव्ही आपोआप चाळे करायचा. पुढच्या वर्षी त्यांनी ऐकू न येणाऱ्या आवाजाचा रिमोट आणला, तर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी चॅनल बदलायचं. इन्फ्रारेड आल्यावर असले चाळे बहुतेक थांबले. आपल्याच आतल्या खोलीची अडचण मात्र झाली.

तिच्यावरचा स्वस्त उपाय म्हणजे आयआर एक्स्टेंडर. त्यात दोन बारीक तारा असतात. एकीच्या टोकाला डोळा असतो, तो आतल्या टीव्हीच्या कडेला चिकटवायचा. दुसरीच्या टोकाला वाटाण्याएवढा दिवा असतो, तो हॉलमधल्या बॉक्सच्या डोळ्यावर. बॉक्सचा डोळा नेमका कुठे, हे काळ्या काचेमुळे कळत नाही. टॉर्चचा झोत तिरपा टाकला की आत गोल मणी दिसतो. दिवा त्याच्यावर नेमका बसायला हवा. बोटभर बाजूला सरकला तरी एक बटण चालतं, दुसरं चालत नाही, असा वैताग सुरू होतो.

वीज कुठून घ्यायची, यावरही फसगत होते. एक्स्टेंडरची यूएसबी पिन थेट बॉक्सलाच लावायचा मोह होतो. पण काही बॉक्स बंद केले की यूएसबीची वीजही तोडतात. मग आतून बॉक्स बंद करता येतो, चालू करता येत नाही! मोबाइलचा जुना चार्जर लावा, प्रश्न मिटला. तार ओढायचीच नसेल, तर हुकूम रेडिओ लहरींवरून भिंतीपलीकडे पोचवणाऱ्या डब्यांची जोडी मिळते. चालते ठीक, पण तारेचा भरवसा जास्त, असं माझं मत.

बॉक्सऐवजी टीव्हीला इंटरनेटची स्टिक लावणाऱ्यांची गंमत वेगळी. फायर टीव्ही स्टिकचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथवर बोलतो, म्हणून एखाद्या भिंतीआडूनही मालिका पुढे-मागे करता येते. त्याच रिमोटची आवाजाची बटणं मात्र बहुतेक घरांत इन्फ्रारेडने थेट टीव्हीशी बोलतात. म्हणून आतून चित्र बदलतं, हॉलमधल्या टीव्हीचा आवाज काही कमी होत नाही.

एवढं सगळं जमवूनही एक गोष्ट बदलत नाही : बॉक्स एक, तर चॅनल एक. आत सासूबाईंची मालिका रंगात आलेली असताना बाहेर कुणी क्रिकेट लावलं, की आतही क्रिकेटच. आता तर दोन्हीकडे हुकूम चालतो, म्हणजे भांडण जास्त. अशा घरांनी सरळ दुसरा बॉक्स घ्यावा. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या 2020 च्या सुधारणेनुसार घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी नेटवर्क शुल्क पहिल्याच्या 40 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नव्हतं. 2024 मध्ये 'ट्राय'ने या शुल्काची मर्यादाच काढून ते कंपन्यांवर सोपवलं. त्यामुळे शेजाऱ्याने काय भरले यावर न जाता तुमच्या ऑपरेटरकडून दर लेखी मागा.

बघणारं माणूस एकच असेल आणि नुसती खोली बदलत असेल, तर मात्र एक्स्टेंडर पुरतो. विकत घेण्याआधी तारेची लांबी भिंतीच्या कडेने, दाराची चौकट धरून मोजा. सरळ अंतर मोजाल तर तार कमी पडेल.