इंटरप्ट हँडलरमधील असुरक्षित शेड्युलिंग : दोषाचे स्वरूप व शोधपद्धती

प्रस्तावना :
परिचालन प्रणालीच्या अध्यापनात प्रक्रियांचे शेड्युलिंग आणि इंटरप्ट हे घटक बहुधा स्वतंत्रपणे शिकविले जातात. त्यांचा परस्परसंबंध दुर्लक्षित राहतो. लिनक्स कर्नलमधील ‘शेड्युलिंग व्हाइल अॅटॉमिक’ हा त्रुटिसंदेश याच संबंधातून उद्भवतो. सदर लेखात या दोषाचे कारण, शोध व निराकरण यांचे विवेचन केले आहे.

दोषाचे स्वरूप :
नेटवर्क कार्डासारख्या उपकरणाकडून इंटरप्ट येताच प्रोसेसर चालू प्रक्रिया आहे त्या स्थितीत थांबवून हँडलर कार्यान्वित करतो. शेड्युलरच्या दृष्टीने हँडलरला स्वतंत्र अस्तित्व नसते. तो थांबविलेल्या प्रक्रियेच्या नावावर चालतो. अशा वेळी हँडलर ‘झोपला’, म्हणजे कशाची तरी वाट पाहत त्याने प्रोसेसर सोडला, तर संबंध नसलेली प्रक्रियाच निद्रिस्त होते आणि उपकरणाचे काम अर्धवट राहते. स्पिनलॉक हाती असताना असे घडल्यास त्या लॉकसाठी दुसरा प्रोसेसर व्यर्थ फिरत राहतो व संपूर्ण यंत्रणा गोठू शकते.

हा दोष प्रत्येक वेळी प्रकट होत नाही, ही खरी अडचण होय. ‘जीएफपी कर्नल’ या पर्यायाने स्मृती मागितल्यास ती मुबलक असेपर्यंत तत्काळ मिळते. टंचाई झाल्यावरच झोपण्याची वेळ येते. त्यामुळे प्रयोगशाळेत निर्दोष भासणारा ड्रायव्हर प्रत्यक्ष वापरात ताणाखाली कोसळू शकतो.

शोधपद्धती :
त्रुटिसंदेशात प्रक्रियेचे नाव, तिचा क्रमांक व ‘प्रीएम्प्ट काउंट’ ही संख्या असते. इंटरप्टच्या बाबतीत ते नाव बहुधा निरपराध प्रक्रियेचे असल्याने संख्येकडे प्रथम पाहावे. ही संख्या षोडशमान पद्धतीत असते. उजवीकडील पहिले दोन अंक प्रीएम्प्शन किती वेळा बंद केले ते दर्शवितात, पुढील दोन सॉफ्ट इंटरप्टचे व पाचवा हार्डवेअर इंटरप्टचा असतो. प्रीएम्प्शनची मोजणी सुरू असलेल्या कर्नलमध्ये शेड्युलर स्वतः १ मिळवितो. म्हणून ०००१०००१ ही संख्या हँडलरकडे, तर ०००००००२ ही बहुधा न सोडलेल्या लॉककडे निर्देश करते. त्यानंतर खाली छापलेली फंक्शनांची साखळी वरून वाचत गेल्यास आपल्या ड्रायव्हरमधील दोषस्थळ सापडते.

तथापि दोष घडण्याची वाट पाहणे इष्ट नाही. कर्नल संकलित करताना ‘डीबग अॅटॉमिक स्लीप’ हा पर्याय सुरू ठेवल्यास झोपू शकणाऱ्या फंक्शनांच्या आरंभीची ‘माइट स्लीप’ ही तपासणी, प्रत्यक्ष झोप लागली नाही तरी, इशारा देते.

निराकरण :
‘एमस्लीप’ऐवजी ‘एमडिले’ वापरल्यास संदेश नाहीसा होतो. परंतु तेवढा काळ प्रोसेसर अडकून पडतो. हँडलरमध्ये स्मृतीसाठी ‘जीएफपी अॅटॉमिक’ वापरावे आणि मागणी नाकारली जाण्याची शक्यता तपासावी. प्रतीक्षेचे काम वर्कक्यूकडे किंवा २००९ साली २.६.३० या आवृत्तीत आलेल्या थ्रेडेड इंटरप्टकडे सोपवावे. तेथे झोपण्यास मुभा असते.

समारोप :
सारांश, प्रश्न फंक्शन झोपले की नाही हा नसून ते झोपू शकते काय, हा आहे. प्रात्यक्षिक यशस्वी झाले एवढ्यावर विद्यार्थ्याचा ड्रायव्हर बरोबर ठरत नाही. वरील तपासणी आभासी यंत्रावर विनामूल्य करता येते. त्यामुळे तळ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणीही तिचा प्रात्यक्षिकांत समावेश करणे शक्य व आवश्यक आहे.