एक घागर, पाच शाखा

रसायनशास्त्राच्या शाखा विचारल्या, की मी बोअरच्या पाण्याची घागर दाखवतो. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांत अशा नितळ पाण्यात फ्लोराइड असते. खडकातल्या खनिजांतून ते पाण्यात कसे उतरते, हे असेंद्रिय रसायनशास्त्र सांगते. किती उतरले, ते वैश्लेषिक शाखा मोजते, लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर गेले, की पाणी पिण्यास अयोग्य. त्याने दातांवर डाग का पडतात, हाडे का ताठरतात, हे जीवरसायनशास्त्र उलगडते. अॅल्युमिनाच्या गाळणीत ते कसे धरले जाते, हा भौतिक रसायनशास्त्राचा विषय. पाण्यात कीटकनाशक मिसळले, तर कार्बनी संयुगे जाणणारी सेंद्रिय शाखा हवी. आणि हो, उकळून फ्लोराइड जात नाही. तेव्हा बोअरचे पाणी पिण्यापूर्वी तपासून घ्याच.