विंचवाचा उतारा

कर्जत तालुक्यातल्या आमच्या कडावात भजनाच्या रात्री बुवा ‘विंचू चावला’ म्हणायला उभे राहिले, की पेंगणारी पोरेही टुणकन उठून बसत. बुवा असे काही विव्हळत, की हसून हसून पोट दुखे. आजी मात्र हसत नसे. भातकापणीत तिच्या धाकट्या भावाला खराच विंचू चावला होता. मांत्रिकाची वाट पाहत तो रात्रभर घामाने भिजला आणि पहाटे गेला. हसू ओसरल्यावर बुवा आवाज खाली आणून शेवटची कडवी म्हणत. तेव्हा आजी हात जोडी.

हे भारूड सोळाव्या शतकातल्या संत एकनाथांचे. नाथांचा विंचू म्हणजे काम-क्रोध. तमोगुण मागे सारून सत्त्वगुणाचा अंगारा लावा, हा त्यावरचा उतारा ते शेवटी सांगतात. गावोगावच्या भारूडकारांनी हे गाणे आपापल्या परीने रंगवले. कुणी पदरची नक्कल घातली, कुणी गावचा विनोद. पुढे शाहीर साबळे यांच्या खड्या आवाजात ते शहरांतल्या घराघरांत पोचले. मग वाद्यवृंद आले, शाळांची स्नेहसंमेलने आली. ठेका वाढत गेला.

अशाच एका संमेलनात नातीचा नाच पाहिला. विव्हळणे झाले, उड्या झाल्या, टाळ्या पडल्या आणि गाणे संपले! वेळ कमी म्हणून शेवट कापला होता. विंचू चावला, उतारा आलाच नाही. मला आजी आठवली.

खऱ्या विंचवावरचा इलाज आमच्याच रायगड जिल्ह्याने जगाला दिला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाचे विष हृदयावर कसे आघात करते ते रुग्णांच्या उशाशी बसून टिपले. १९८२ साली ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणे छापली. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन वापरून त्यांनी अनेकांचे प्राण वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आजीच्या भावाला मात्र हे औषध मिळायचे नव्हते.

गाणे कुणीही गावे, कोणत्याही ठेक्यात गावे. नाथांनीही लोकांना हसवण्यासाठीच सोंग घेतले. पण हसवून झाल्यावर ते सोडून गेले नाहीत, इलाज सांगून गेले.

त्या रात्री नातीला शेवटची कडवी म्हणून दाखवली. तिने विचारले, “आजोबा, अंगारा म्हणजे काय?” मी सांगू लागलो. आजीच्या भावापासूनच सुरुवात केली.